दहा बोटांची एकच किनार

आमच्या गल्लीत बोटाला सुई टोचून घ्यायची ती फक्त अवसेला. हा काही कुठल्या पोथीतला नियम नव्हता. अवसेला माग बंद असायचे, एवढंच. एरवी मागावर पांढरं लुगडं चढलेलं असायचं आणि विणकराच्या बोटातून रक्ताचा एक थेंब जरी सुतावर पडला, तरी ते लुगडं गेलंच. खळ दिलेल्या पांढऱ्या सुतावरचा रक्ताचा डाग पुरता निघत नाही. निघाला असं वाटतं आणि घडी मोडली की परत दिसतो. म्हणून मलेरियाचा कर्मचारी सायकलवरून आला, दाराशेजारी गेरूनं तारीख टाकून कोणाला ताप आहे का विचारू लागला, की आतून धोट्याची खटखट न थांबवताच उत्तर जायचं, अवसेला ये. बिचारा खिशात पंचांग घेऊन फिरायला शिकला होता.

त्याच गल्लीतली मी. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि ऐंशी सालानंतर कॉलेजातल्या आमच्या सरांकडे संशोधनाला लागले. मुलगी काय शिकते असं बाबांना कोणी विचारलं, की ते मागावरून मान न उचलता म्हणायचे, मच्छराचं शिकते. विचारणाऱ्याला वाटायचं, बाप चिडलाय. बाबा चिडलेले नसायचे. त्यांना अभिमानाची एवढीच भाषा येत होती.

खरं तर मी मच्छराचं नव्हे, त्याच्या सोंडेतून माणसात येणाऱ्या मलेरियाच्या जंतूचं शिकत होते, आणि जंतूचंही सगळं नाही, त्याच्या अंगावरच्या कपड्याचं. जंतूच्या बाहेरच्या अंगाला प्रथिनांचं एक आवरण असतं. आपल्या रक्तातले पहारेकरी त्याला त्या आवरणावरून ओळखतात आणि धरतात. एकदा ओळखलं की तो वेष पुढच्या वेळी चालत नाही. पण त्याच गावात दुसऱ्या वेषाचा जंतू फिरत असेल, तर तो आरामात आत शिरतो, आणि माणूस म्हणतो, मागच्याच साली तर ताप येऊन गेला, परत कसा आला. हा वेष कसा विणायचा हे जंतूच्या जनुकात लिहिलेलं असतं. जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळा तेव्हा नुकत्याच ही जनुकं वाचायला लागल्या होत्या आणि रोज नवा घोळ सापडत होता. जनुकाचा काही भाग सगळीकडे सारखा, काही भाग जागोजागी वेगळा. मच्छराच्या पोटात दोन वेषांचे जंतू एकत्र आले, की त्यांच्या संततीत दोन्हींचे तुकडे मिसळतात आणि तिसराच वेष तयार होतो. नागपुरात बसून जनुक वाचायची आमची ऐपत नव्हती. आम्ही नमुने तयार करून दूरच्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत पाठवायचो आणि तिथले लोक ते पाच वेगवेगळ्या कसोट्यांना लावून आवरण कोणत्या जातीचं ते कळवायचे.

हे सगळं घरी समजलं ते फक्त आत्याला.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न होऊन कुहीकडच्या एका गावात गेली, बारा वर्षं धानाच्या बांध्यांत राबली, दरवर्षी पावसाळ्यानंतर तापली, आणि नवरा गेल्यावर काळ्या किनारीचं लुगडं नेसून आमच्याकडे परत आली ती कायमची. माझी आई मी लहान असताना गेली, त्यामुळे माझी वेणी, माझा डबा, माझी भांडणं, सगळं आत्याकडेच. ती शाळेत गेली नव्हती. तरुणपणी मात्र किनार विणण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं असं बाबाच सांगायचे. आता डोळे अधू झाल्यामुळे बारीक सूत सांधणं जमत नसे. म्हणून ती दाराशी बसून रहाटावर काठाच्या लाल रेशमाच्या कांड्या भरायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची खबर घ्यायची.

तिला मी वेषाची गोष्ट सांगितली तेव्हा रहाट थांबवून ती म्हणाली, म्हणजे लुगड्याचं अंग तेच, किनार तेवढी बदलते. मी म्हटलं, अगदी तसंच. मच्छराच्या पोटात दोन जंतूंचं लग्न लागतं हे ऐकून ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. पुढे आठ दिवस गल्लीतल्या प्रत्येक बाईला ती हे लग्न ऐकवत होती.

त्या वर्षी पाऊस सरल्यावर सक्करदऱ्याच्या तळ्याच्या बाजूनं मच्छरांचे थवे उठले आणि आमच्या गल्लीत घरोघरी ताप शिरला. अवसेला मी आणि तो सायकलवाला कर्मचारी मिळून सगळ्यांच्या रक्ताच्या काचपट्ट्या घेतल्या. आत्या तेव्हा नेमकी बाळंतिणीला बघायला खाप्याला गेली होती, त्यामुळे तिची पट्टी राहिली. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली दहा जणांच्या रक्तात आम्हाला हवा तो, मेंदूवर जाणारा वाईट जंतू दिसला. त्या दहांत बाबाही होते. सर खूश झाले. एकाच गल्लीतले दहा नमुने म्हणजे आमच्यासाठी घबाडच होतं. आता प्रत्येकाच्या बोटातून काचेच्या नळीभर ताजं रक्त घ्यायचं, लगेच गोळ्या द्यायच्या, आणि ते रक्त प्रयोगशाळेत वाढवायचं. वाढवायची पद्धत घरगुतीच होती. मोठ्या काचेच्या बरणीत रक्ताच्या थाळ्या ठेवायच्या, आत एक मेणबत्ती लावायची, झाकण लावायचं. मेणबत्ती विझली की आतली हवा जंतूला मानवेल अशी झाली असं समजायचं.

पण अवस तर उलटून गेली होती. मी दारोदार फिरले. बाबांनीसुद्धा मागावरूनच सांगितलं, पुढच्या अवसेला घे. मी तडतडले. तोवर गोळ्या थांबवायच्या का, मरायचं आहे का, असं बरंच काही बोलले. तेव्हा आत्या मध्ये पडली. म्हणाली, तू तुझ्या बरण्या बघ, माझं ऐकतील सगळे, उद्या सकाळी नळ्या मी भरून ठेवते. सुई कशी टोचायची, नळी कशी धरायची हे मी तिला घरातच शिकवलं होतं, आणि तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता. नावं लिहिता येत नाहीत त्याचं काय, तर तिनं दहा घरांसाठी दहा रंगांचे धागे ठरवले. पिवळा कोपऱ्यातल्या घराचा, हिरवा विहिरीजवळचा, जांभळा बाबांचा. मी वहीत रंग आणि नावं लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता थर्मासमध्ये दहा नळ्या तयार होत्या. प्रत्येकीला एक रंगीत धागा, नीट दुहेरी गाठ मारून. गोळ्याही तिनं घरोघरी स्वतः उभं राहून गिळायला लावल्या होत्या. सरांनी त्या गाठी पाहिल्या आणि आपल्या शिपायाला म्हणाले, लेबल लावायचं कसं ते यांच्याकडून शिका.

महिना-सव्वा महिन्यानं दूरच्या प्रयोगशाळेतून पत्र आलं. एक तक्ता होता. दहा ओळी, प्रत्येक ओळीत पाच खुणा, अधिक किंवा उणे. दहाही ओळी तंतोतंत सारख्या. सर खुर्चीतून उठून येरझारा घालायला लागले. बाकी सगळे लोक लिहीत होते की या आवरणाचे प्रकार मोजता येऊ नयेत इतके आहेत, आणि इथे अख्ख्या गल्लीत एकच. म्हणजे एकच जंतू एका घरातून दुसऱ्या घरात गेला, बाहेरून कोणी आलाच नाही. परिषदेत हा निबंध वाचायचा आणि तो मी वाचायचा, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. माझी शिष्यवृत्ती पुढे चालू राहणार की नाही, ते त्या वर्षी लटकलेलं होतं. या तक्त्यावर ते सुटणार होतं. मी तक्त्याची नक्कल करून घेतली आणि भरदुपारी सायकल हाणत घरी आले.

आत्या दाराशी बसली होती, पण रहाट फिरत नव्हता. हल्ली ती दुपारची पडून राहायची, जेवण टाकायची. मी म्हणायचे, वय झालं. त्या दिवशीही मी तेच समजले, कारण मला माझंच सांगायची घाई होती. कागद तिच्या पुढ्यात धरला आणि या खुणा कशाच्या ते सांगितलं. तिनं डोळ्यांजवळ नेऊन ओळींवरून बोट फिरवलं. अधिक म्हणजे धागा उचललेला, उणे म्हणजे सोडलेला, असं तिनं आपल्या मनाशी लावून घेतलं असावं, कारण ती ओठांतल्या ओठांत नक्षी मोजत होती. मग कागद परत देत म्हणाली,

"एकच किनार हाये ना वं ही. दहा खेपा काढली."

मी म्हटलं, तेच तर नवल आहे.

"नवल कायचं? अंग एकच, मंग किनार दुसरी कोठून येईन?"

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी सायकलचं हँडल धरून उभी होते, ती सायकल पडली. नळ्या भरायच्या त्या सकाळी ती घरोघरी गेली होती खरी, पण सगळ्यांच्या मागावर लग्नसराईची पांढरी लुगडी होती. कोणी बोट द्यायला तयार नव्हतं आणि खरं सांगायचं तर तिलाही मागायचं जिवावर आलं होतं. म्हणून बाबांसकट सगळ्यांना तिनं सांगून टाकलं, रक्त आता नको, गोळ्या तेवढ्या घ्या. मग ती घरी येऊन बसली आणि आपल्याच दहा बोटांना एकेक सुई टोचून दहा नळ्या भरल्या. तिच्या हातात लाल रेशीम होतं. रक्त लागलं तरी दिसणार नव्हतं. गल्लीत तेवढे एकच हात रिकामे होते, असं ती म्हणाली. रक्त ते रक्त, तिच्या मते त्यात खोटं काही नव्हतं. धागे मात्र तिनं ज्याचे त्याचे बांधले होते.

मी ओरडले. तिच्यावर मी आयुष्यात इतकी ओरडले नव्हते. माझं वर्ष, माझी शिष्यवृत्ती, सरांची लाज, सगळं बोलून टाकलं. ती खाली मान घालून ऐकत राहिली, आणि मी दम घ्यायला थांबले तेव्हा माझंच बोलणं माझ्या डोक्यात शिरलं. दहा नळ्यांत जंतू होता. नळ्या तिच्या होत्या. म्हणजे जंतू तिच्या अंगात होता, आणि गोळ्या मिळाल्या त्या यादीतल्या दहा जणांना. यादीत ती नव्हतीच.

"तुले ताप होता?" मी विचारलं.

"होता थोडासा. कुहीले तर दर साली ये."

"काहून नाही सांगितलं मले?"

"तुले दहाच पाह्यजे होते. अकरावी कोठं घालू?"

मी तिला आत निजवलं आणि बरगडीखाली हात घातला. पानथरी, म्हणजे प्लीहा, हाताला टणक लागली. वाढली होती, चांगली वाढली होती. मीच रोज सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसणारी, आणि माझ्याच घरात सव्वा महिना ही बाई फिकी पडत चालली होती हे मला दिसलं नव्हतं. त्या दुपारची लाज मला अजून वाटते. मी तिच्या बोटातून पट्टी घेतली, परत सायकल हाणत प्रयोगशाळेत गेले आणि पाहिलं. रक्तपेशींत बारीक अंगठ्या होत्या, आणि मधूनमधून त्या जंतूच्या चंद्रकोरी, जुन्या मुरलेल्या दुखण्यात दिसतात तशा.

सरांच्या खोलीबाहेर मी थोडा वेळ उभी राहिले. खोटं काहून बोलू, लपवायचा मोह झाला. दहा नळ्यांची गोष्ट मला आणि एका निरक्षर बाईला सोडून कोणाला ठाऊक नव्हती, आणि ती बाई माझ्यासाठी जन्मभर गप्प बसली असती. पण तिनं मला दहा बोटं दिली होती, आणि मी गप्प बसले असते तर त्या वहीत ती कधीच असणार नव्हती. आत जाऊन मी सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती निबंधाची नव्हती. "आत्याबाईंना दवाखान्यात नेलं का?" मी नाही म्हटल्यावर ते माझ्यावर असे खेकसले की मला बरं वाटलं. मी निघाले तेव्हा मागून म्हणाले, एका रक्ताचं उत्तर दहा वेळा एकच आलं, निदान आपली तपासणी तरी खरी आहे.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी घरी येऊन पहिलं औषध दिलं आणि सकाळी दवाखान्यात आणायला सांगितलं. बाबांना मी सगळं सांगितलं.

सकाळी रिक्षा दाराशी आली. साधा बुधवार होता, अवस लांब होती, पण उठल्यापासून मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, गल्लीत खटखट नव्हती. एकही माग चालू नव्हता. गोष्ट रातोरात घरोघरी गेली होती आणि लोक आमच्या ओट्याशी येऊन उभे होते. पांढरी लुगडी तशीच अर्धवट मागावर ठेवून आले होते. बाबांनी सर्वांत आधी डाव्या हाताचं बोट माझ्यापुढे धरलं. माग चालू असताना त्यांनी तोवर कधी हाताला सुई लावू दिली नव्हती. गोळ्या खाऊनही काहींच्या अंगात जंतू उरला असेल, तेव्हा सगळ्यांना परत तपासायलाच हवं होतं. मी एकेकाच्या नळ्या भरत गेले आणि आत्या रिक्षात बसूनच रंग सांगत गेली. चुकून मी हिरव्याच्या जागी पोपटी घेतला तर तिला तिथूनही कळलं.

शेवटी मी रिक्षाजवळ जाऊन तिच्या बोटातून तिची नळी भरली. कालचं औषध पोटात गेलं असलं तरी रक्तात जंतू अजून उरलेला असणार होता. आणि आम्ही दोघी अडलो. तिचा रंगच नव्हता. दहा घरांचे दहा रंग ठरवताना स्वतःसाठी तिनं एकही ठेवला नव्हता. ती म्हणाली, कोणताही बांध, नाही तर नको बांधू, लक्षात राहीन तुझ्या.

बाबा आत गेले. मागावर चढलेल्या लुगड्याची किनार होती, लाल रेशमाची. चालू मागावरचा धागा हातानं तोडायचा नाही, हे आम्हाला चालायला यायच्या आधी शिकवलेलं. मी लहानपणी एकदा तोडला होता, तेव्हा बाबांनी माझ्याशी दिवसभर बोलणं टाकलं होतं. त्यांनी त्या किनारीतला एक धागा नखानं उचलला, तोडला, बाहेर आणला आणि नळीला दुहेरी गाठीनं बांधला. आत्या बघत होती.

"मागावरचा तोडला गा?" तिनं विचारलं.

"सांधतो मंग," बाबा म्हणाले. त्या दिवशी मात्र त्यांनी बोटाला चिंधी बांधली आणि मागाला हात लावला नाही. गल्लीत कोणीच लावला नाही.

आत्याला बारा दिवस दवाखान्यात ठेवलं. कडू क्विनाइननं तिच्या कानात घुं घुं व्हायचं. ती नर्सला सांगायची, घरचे माग ऐकू येऊन राहिले. मी तिच्या उशाशी बसून पहिल्यांदा मोठ्यानं माफी मागितली, तर ती म्हणाली, ओरडलीस ते बरं केलंस, नाही तर तुला समजलंच नसतं. ती हळूहळू भरली. सर म्हणाले, कुहीच्या बारा वर्षांत आत्याबाईंच्या रक्तानं इतके वेष ओळखून ठेवले होते की या नव्याला त्यांना आडवं पाडता आलं नाही, आणि त्यांनाही त्याला पुरतं हाकलता आलं नाही. मला तो विचार आवडला. कुहीनं तिला एवढं तरी दिलं होतं.

परिषदेला त्या वर्षी आम्ही गेलो नाही. शिष्यवृत्ती एक टर्म थांबली आणि मी एका शाळेत शिकवायची नोकरी धरली. दुसऱ्या खेपेचं पत्र आलं तोवर थंडी पडली होती. या वेळी तक्त्यात आठच ओळी होत्या, कारण जंतू तेवढ्यांतच उरला होता, किंवा नव्यानं आला होता. शेजारच्या दोघा भावांच्या ओळी सारख्या होत्या. बाकी सगळ्या निराळ्या. कोणाचा ताप कुहीच्या धानकापणीतून आला असेल, कोणाचा उमरेडच्या सोयऱ्यांकडून, कोणाचा इथलाच. एका छपराखाली राहणाऱ्या बाबांची आणि आत्याचीसुद्धा ओळ वेगळी होती. एवढ्याशा गल्लीत इतकी विविधता असेल असं सरांनाही वाटलं नव्हतं, आणि तो खरा निबंध पुढे मी वाचला. त्यात एका वाक्यात, एकाच व्यक्तीच्या दहा नमुन्यांचा निकाल दहाही वेळा एकच आला, असं लिहिलेलं आहे.

पण पत्र आलं त्या दिवशी मी आधी घरी गेले. आत्या ओट्यावर उन्हात बसली होती. अंगावर तेच लुगडं होतं, पांढऱ्या अंगाचं, लाल किनारीचं. सांधलेली गाठ व्यापाऱ्याला खपली नसती म्हणून ठेवून घेतलं असं बाबा सांगत होते. ती गाठ त्यांच्या हातून इतकी जाड कशी पडली, ते मी विचारलं नाही. आत्यानं विचारलं होतं, आणि बाबा म्हणाले होते, राहू दे. ते लुगडं तिनं आठ दिवस पेटीत ठेवलं आणि मग एका सकाळी काही न बोलता नेसली.

मी तिच्या मांडीवर तक्ता ठेवला. नावं वाचून दाखवायला गेले, तर तिनं हातानं थांबवलं. कागद डोळ्यांजवळ नेला आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत, ओठांतल्या ओठांत उचल-सोड मोजत खाली आली. सहाव्या ओळीवर बोट थांबलं. परत मोजलं. आधीच्या दहा ओळींतली ती नक्षी तिच्या पक्की ध्यानात होती.

"ही मी," ती म्हणाली.

मी वहीत पाहिलं. सहावी ओळ, लाल धागा.